डावीकडचं पान

नातीने पुस्तक पुढून मागे चाळलं, मग मागून पुढे चाळलं, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहिलं, आणि चपला कुठे काढू असं विचारावं इतक्या साध्या आवाजात विचारलं, "आबा, याची उत्तरं कुठे दिलीयेत?"

रेघोबा हसला. दुपारचे चार वाजत आले होते, स्वयंपाकघरात बायको चहाचं आधण ठेवत होती, आणि पाच वर्षांची पोर फरशीवर पालथी पडून, पाय हवेत हलवत त्याच्या पुस्तकाकडे पाहत होती. हसण्यासारखीच गोष्ट होती. "याला उत्तरं नसतात गं," तो म्हणाला. "तुला वाटेल ते काढायचं. तुझ्या डोक्यातलं." "पण बरोबर आलं की नाही ते कसं कळणार?" "काहीही काढलंस तरी बरोबर." यावर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की मोठी माणसं थापा मारतात हे तिला ठाऊक आहे आणि उगाच कशाला वाद घाला असा विचार तिने केला आहे. पेन्सिल पेटीत ठेवली, झाकण टक्क करून लावलं आणि ती आजीकडे बिस्किट मागायला गेली. उजवीकडचं पान अर्धवटच राहिलं.

संध्याकाळी लेक तिला न्यायला आली तेव्हा रेघोबाने हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. तीस वर्षं असे किस्से सांगूनच तर त्याने शाळांमधले, ग्रंथालयांमधले कार्यक्रम रंगवले होते. कुठे थांबायचं, कुठे भुवया उचलायच्या हे आता त्याला अंगवळणी पडलं होतं. बायको पदर तोंडाला लावून हसली. लेक मात्र खाली वाकून पोरीच्या बुटांचे बंद बांधत होती. ती वाकूनच म्हणाली, "बरोबर विचारलं तिने. होतीच की उत्तरं. डावीकडच्या पानावर." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. गॅस बंद केलास का, असं म्हणावं तसं ती म्हणाली. मग उठली, पोरीचं दप्तर खांद्याला लावलं, "निघतो गं आई" म्हणाली, आणि दोघी जिना उतरून गेल्या. रेघोबा दारात उभाच राहिला. पायरीपायरीवर पोरीचे बूट आपटत खाली खाली जात होते.

रेघोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. पहिल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर प्रकाशकाने गमतीने ते छापलं आणि पोरांनी उचललं. पुढे पोरांच्या आईबापांनी, मग शिक्षकांनी, मग खुद्द बायकोच्या माहेरच्यांनी. खऱ्या नावाने त्याला हाक मारणारं आता कोणी उरलंच नव्हतं. पुस्तकाचं नाव होतं 'उरलेलं तू काढ'. त्याची युक्ती एवढीच की डावीकडच्या पानावर रेघोबाचं पुरं चित्र आणि उजवीकडच्या पानावर तेच अर्धवट. बाकीचं ज्याचं त्याने आपल्या मनाने भरायचं. डावीकडे माझं, उजवीकडे तुझं, असं पहिल्याच पानावर टपोऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यातलं खिडकीचं चित्र सगळ्यांत गाजलं. एक घर, भिंतीत चौकोनी भोक, आणि भिंतीतली खिडकी रस्त्यावर उभी. 'खिडकी आज फिरायला गेली.' उजवीकडे तेच घर, तेच भोक, रस्ता मोकळा. 'तुझी खिडकी कुठे गेली?' आणि पान उलटलं की, 'संध्याकाळी खिडकी घरी परत आली.' मुलांच्या कल्पनेला पंख फुटतात, असं कोणी कोणी लिहिलं होतं. शाळांनी वर्गावर्गांतून प्रती ठेवल्या. ही कल्पना तुम्हाला सुचली कशी, असं दर कार्यक्रमात कोणी ना कोणी विचारायचंच, आणि तो सांगायचा की एकदा आजारी होतो, बिछान्यावर पडून खिडकीकडे बघत होतो, तेव्हा. सांगून सांगून त्याला तो आजार खरा वाटायला लागला होता. कपाळावरची ओली पट्टीसुद्धा आठवायची.

ताप बीप काही नव्हता. ती एक सरळ, निरोगी दुपार होती. तो आंघोळ करून बाहेर आला तर सहा वर्षांची लेक त्याच्या टेबलाशी, त्याच्या खुर्चीवर गुडघे टेकून, त्याच्या चांगल्या जाड कागदावर चित्र काढत होती. त्या कागदाला हात लावायचा नाही असं तिला दहादा बजावलेलं. तो ओरडणार होता, पण चित्र पाहून थांबला. घर एका बाजूला कललेलं, दाढ दुखणाऱ्या माणसासारखं. आणि खिडकी घराबाहेर, रस्त्यावर, घराच्या दुप्पट मोठी, एका बाजूने फुगलेली. "ही बाहेर काय करतेय?" "तिला आतलं बघून बघून कंटाळा आला." त्याच्या अंगावर तेव्हा काटा आला होता. खरोखरचा. आपण पंधरा वर्षं जे शोधतो आहोत ते हे पोर जीभ बाहेर काढून सहज करून बसलं आहे, या जाणिवेत आनंद किती होता आणि दुसरं काय किती होतं, हे त्याने तेव्हा मोजलं नाही. तो तिच्या मागे उभा राहिला, तिच्या खांद्यावरून हात घालून पेन्सिल घेतली आणि म्हणाला, "अगं पण एवढी मोठी कशी असेल? परत आल्यावर भिंतीत मावायला नको का?" ती म्हणाली, "ती परत येणार नाहीये." "येईल गं. सगळे येतात," असं म्हणून त्याने खोडरबर उचलला.

पुढे पुस्तक छापून आलं तेव्हा तिने ते पान बराच वेळ पाहिलं. "माझी खिडकी कुठाय?" "हीच की. जरा नीट केली." "बरं," ती म्हणाली. इतकंच. एवढ्याशा 'बरं'ने काय होतंय. मुलं दिवसातून शंभरदा बरं म्हणतात. त्यानंतर तिने चित्रं काढली की नाही हे रेघोबाला सांगता आलं नसतं, कारण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो गावोगावच्या शाळांमध्ये फळ्यावर रेघोट्या मारून पोरांना म्हणत होता, बिनधास्त काढा, चूक असं काही नसतंच. घरी यायचा तेव्हा लेक झोपलेली असायची. मग ती मोठी झाली, आणि सातवीत की आठवीत विज्ञानाची वही त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, फूल काढून दे. त्याने दिलं. पुढे हृदय काढून दिलं, कान, डोळा, बेडकाची पचनसंस्था, नाव नीट आठवत नाही अशी एक शेवाळ. बाईंनी दर आकृतीखाली 'सुबक' असा शेरा दिला. त्याला त्या शेऱ्याचा अभिमान वाटायचा. चित्रकाराच्या पोरीला फूल का काढता येऊ नये, हा प्रश्न चार वर्षांत एकदाही त्याच्या डोक्यात आला नाही, आणि आता पासष्टी उलटल्यावर, रिकाम्या जिन्याच्या तोंडाशी उभा असताना, तोच प्रश्न एखाद्या चोरासारखा मागच्या दाराने डोक्यात शिरला.

दोन दिवसांनी संपादिकेचा फोन आला. प्रकाशन आता तीच बघत होती. वयाने लेकीपेक्षाही लहान, बोलायला गोड आणि कामाला वाघीण. "सर, तिसाव्या वर्षाची आवृत्ती करतोय ना, मूळ चित्रं हवीत. नव्याने स्कॅन करते. एकेक रेघ लख्ख दिसली पाहिजे." सकाळची वेळ होती. रेघोबाने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढली. बायको म्हणाली, "अहो, स्टुलावर चढताना हाक तरी मारायची. पडलात तर मला उचलता येणार आहे का?" त्याच्या मनात तोवर एक बेत आकाराला आला होता, आणि बेत म्हटला की माणसाला बरं वाटतं. पोरीचं मूळ चित्र शोधायचं. या आवृत्तीत माझं काढून तिचं घालायचं, खाली तिचं नाव. कार्यक्रमात उभं राहून सांगायचं, आजार वगैरे सगळं खोटं, ही कल्पना हिची. लोक टाळ्या वाजवतील, हेही त्याच्या मनात आलं, आणि ते आलं म्हणून त्याला स्वतःची किळस आली. तरी बेत सुटला नाही.

पेटीत तिचं चित्र नव्हतं. खिडकीच्या चित्राचा त्याचा स्वतःचा कागद तेवढा होता, जाड, कडांना पिवळा पडलेला. तो पाहताना अंगठा कागदावरून फिरला आणि थबकला. कागद खडबडीत लागत होता. त्याने तो बाल्कनीच्या दारापाशी नेला आणि उन्हात तिरपा धरला. मग त्याला सगळं दिसलं. शाईच्या सरळ, आटोपशीर रेघांच्या खाली कागदावर चर पडले होते. लहान मूल पेन्सिल दाबून काढतं तेव्हा पडतात तसे. कललेलं घर. प्रचंड खिडकी, फुगलेल्या पोटाची, पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. त्याने तिचं चित्र पाहून दुसऱ्या कागदावर काढलं नव्हतं. कागद चांगला होता, वाया कशाला घालवायचा म्हणून तिचं खोडून त्याच्यावरच काढलं होतं. हे तो कसा विसरला? की विसरलाच नव्हता? कागद सरळ केला की चर नाहीसे व्हायचे, तिरपा केला की उठायचे. एखाद्याला पुरून वर फरशी घालावी आणि तीस वर्षं त्यावर पाहुणे बसवावेत, तसं त्याला झालं. बायको आतून म्हणाली, "चहा निवतोय." तो म्हणाला, "हो." आणि ऊन दारातून सरकेपर्यंत तिथेच उभा राहिला.

लेक विमा कंपनीत होती. अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तपासणं हे तिचं काम. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या ऑफिसात गेला, कागद दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून. त्याला पाहून ती आधी घाबरली. "आई बरी आहे ना?" मग खुर्ची ओढून दिली, स्वतःच्या डब्याचं झाकण त्याच्यापुढे धरून त्यात अर्धं जेवण काढलं. टेबलावर दाव्यांचे अर्ज पसरले होते आणि प्रत्येकावर एका चौकटीत गाडीवाल्याने स्वतःच्या हाताने अपघाताचा नकाशा काढलेला. "बघ," ती म्हणाली, "गाडी म्हणजे खोका आणि खाली चार शून्यं. झाड तर झाडूसारखं. आणि हा बघ, याने स्वतःलाही काढलंय, रडताना. मला फार आवडतात हे. साहेब म्हणतो नुसते आकडे बघा, पण मी आधी हेच बघते." तिचा चेहरा बोलताना असा उजळला होता की रेघोबाला ती क्षणभर ओळखू आली नाही. किती वर्षं ही रोज इथे बसून लोकांची चित्रं बघते आहे, आणि आपल्याला वाटत होतं हिला चित्रांत गोडी नाही.

त्याने पुठ्ठे उघडले. कागद ट्यूबलाइटखाली तिरपा धरून दाखवायला लागला, पण तिथला उजेड सगळीकडून सारखा यायचा, त्यात चर काही दिसेनात. तो कागद इकडे वळवत होता, तिकडे वळवत होता. "इथे आहे बघ. बोट लावून बघ. तुझी खिडकी." तिने बोट लावलं नाही. "बाबा, ठेव ते. मला माहितीये." "माफ कर मला," तो म्हणाला. ती डब्यातला घास बोटांनी नुसता गोळा करत राहिली. मग म्हणाली, "खिडकीचं मला काही नाही रे. घेतलीस तर घेतलीस. घरातलीच होती. पण तू मागे येऊन उभा राहायचास ना. तुझा श्वास माझ्या भांगात लागायचा. तू काही बोलायचा नाहीस, नुसता बघायचास, आणि मला कळायचं की आता तुला काहीतरी दिसलंय. माझा हात थांबायचा. अजून थांबतो. साहेब मागे उभा राहिला तर मला सही करता येत नाही, खरं सांगते. मी म्हणते, सर, तुम्ही जरा पुढे या." ती थोडी हसली. रेघोबालाही वाटलं हसावं, पण जमलं नाही. "या आवृत्तीत तुझं नाव घालतो," तो म्हणाला. "नको." "मग मी काय करू, सांग." "माझी पोर चित्र काढत असेल तेव्हा तिच्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "बाकी सगळं कर. गोष्टी सांग, फिरायला ने. फक्त ते बघू नकोस. जमेल?" तो म्हणाला, "जमेल." सुट्टी संपल्याची घंटा इथे नसते, पण माणसं एकेक करून जागेवर येत होती. तिने डबा बंद केला आणि त्याच्या शर्टाच्या बाहीवर सांडलेला कण बोटाने टिपला.

तिथून तो तसाच प्रकाशनात गेला. निदान ते चित्र तरी काढून टाकायचं, नाहीतर डावीकडची सगळी पानंच काढायची, कोरी ठेवायची, असं काहीतरी तो वाटेत जुळवत होता. संपादिका त्याला पाहून उठलीच. "सर, तुम्ही स्वतः कशाला आलात, मी माणूस पाठवला असता. पण बरं झालं आलात. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." तिने जुन्या वाचकांना आवाहन केलं होतं: लहानपणीची तुमची प्रत अजून जपली असेल तर खिडकीचं पान पाठवा. टेबलावर पानांचा ढीग होता. वाढलेल्या, नोकरीधंद्याला लागलेल्या, स्वतः आईबाप झालेल्या मुलांनी कापून, पाकिटात घालून पाठवलेली उजवीकडची पानं. "बघा ना," ती म्हणाली, "मला तर भरून आलं."

रेघोबा बघू लागला. पहिल्या पानावर खिडकी रस्त्यावर, घराच्या उजव्या हाताला, जरा तिरकी. दुसऱ्यावर रस्त्यावर, उजव्या हाताला, जरा तिरकी. एकाने निळी रंगवली होती, एकाने लाल. एकीने पट्टी लावून काढली होती, आणि डावीकडच्या पानावरच्या खिडकीच्या गजांइतकेच, मोजून पाच गज दिले होते. त्याचे हात भराभर चालू लागले. पन्नासावं, साठावं. कुठेतरी एक तरी खिडकी झाडावर चढलेली असेल, समुद्रात पडलेली असेल, कोणाच्या तरी पाठीवर बसून निघून गेलेली असेल. एक तरी मोठी असेल. पानं संपत आली. शेवटून तिसऱ्या पानावरचा रस्ता मोकळाच होता, मागे बॉलपेनने लिहिलेलं, 'मला बरोबर येणार नाही असं वाटलं म्हणून काढलं नाही. पुस्तक खराब होऊ दिलं नाही. अजून नव्यासारखं आहे.' संपादिका म्हणाली, "किती गोड, नाही?"

"हे पुस्तक बंद करू या," रेघोबा म्हणाला. तिला वाटलं तो दमला आहे. तिने पाणी मागवलं, पंखा वाढवला, आणि फार समजुतीने सांगितलं की सर, प्रत्येक कलावंताला म्हातारपणी असं वाटतं, पण हे पुस्तक आता तुमचं एकट्याचं राहिलेलं नाही, लोकांच्या लहानपणाचा तो भाग आहे. आणि शाळांना शब्द गेलेला आहे. तो म्हणाला, "मी पोरांना फसवलं." ती हसून म्हणाली, "अशी फसवणूक सगळ्यांना मिळो." ती वाईट नव्हती. तिने स्वतः लहानपणी हे पुस्तक भरलं होतं, आणि तिचं पान त्या ढिगातच कुठेतरी होतं. कुठलं ते त्याला सांगता आलं नसतं. पुठ्ठ्यांमधला कागद तिने अलगद काढून घेतला, त्याच्या समोरच यंत्राच्या काचेवर पालथा घातला, झाकण लावलं. हिरवा उजेड एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे गेला. पडद्यावर चित्र उमटलं, प्रत्येक रेघ लख्ख. कागदाचा पिवळेपणा, खडबडीतपणा, सगळं यंत्राने आपणहून साफ करून टाकलं होतं. "बघा, किती स्वच्छ आलंय," ती म्हणाली. तो म्हणाला, "हो. स्वच्छ आलंय."

घरी आल्यावर त्याने टेबलाशी बसून पाहिलं. एक रेघ, कशीही, न ठरवता. हात त्याला विचारतही नव्हता. रेघ कागदाला टेकली की नीटच व्हायची, वळणावर वळायची, जिथे थांबायची तिथे शोभून थांबायची. डाव्या हाताने काढून पाहिली. थोडी थरथरली, पण थरथरसुद्धा देखणी आली. बायको दारात येऊन म्हणाली, "काय चाललंय?" "काही नाही. बघतोय." "काय बघताय?" त्याने कागद चुरगळला, बायकोने तो उचलून सवयीने सरळ केला आणि ती म्हणाली, "छान तर आहे. टाकता कशाला?"

रविवारी लेक आणि नात जेवायला आल्या. जेवणं झाल्यावर पोरीने आपला कागद आणि पेन्सिलींची पेटी घेतली आणि बाल्कनीत त्याच्या शेजारी येऊन बसली. कागद छातीशी उलटा धरलेला. "आबा, बघायचं नाही. आईने सांगितलंय." "नाही बघत." त्याने खुर्ची वळवली आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर पाण्याचा एक पाइप होता आणि एसीचं एक बंद यंत्र, बाकी काही नव्हतं. पाठीमागे पेन्सिल चालू झाली. कधी भराभर, कधी अडखळत. मध्येच पोर स्वतःशी काहीतरी पुटपुटायची, नाक ओढायची. मान वळवायला लागणारी एवढीशी ताकद न वापरणं हे इतकं कष्टाचं काम असेल, असं त्याला वाटलं नव्हतं. मानेची शीर दुखायला लागली. पेन्सिल थांबली. "आबा, कावळ्याला पाय कुठून फुटतात? पोटातून की शेपटीतून?"

हजारो कावळे काढले होते त्याने. डोळे मिटूनही त्याला सांगता आलं असतं की पाय कुठून निघतात, गुडघा कुठे लपतो, फांदीवर बसला की बोटं कशी आवळतात. ते सगळं जिभेवर आलं, आणि त्याने गिळलं. "मला नाही माहीत, बाळा," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

ती आपल्या पाठीकडे बघते आहे हे त्याला कळत होतं. मग पेटी बंद झाल्याचा आवाज आला. "तुला काहीच येत नाही," ती म्हणाली, चिडून नव्हे, नुसती नोंद केल्यासारखी, आणि उठली. "मी आईला विचारते." तिची पावलं घरात गेली. आतून लेकीचा आवाज आला, हळू, "बघू? अगं, पोटातून. थोडे मागच्या बाजूला. थांब, दे इकडे, मी दाखवते."

आणि मग पेन्सिल चालू लागली. पोरीची नव्हे. हिची रेघ लांब होती, न अडखळता जाणारी, मोठ्या माणसाच्या मनगटातून येणारी; तीस वर्षं या घरात लेकीच्या हातून ऐकू न आलेली. रेघोबाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आत त्याची लेक कावळा काढत होती. कसा काढत होती, कललेला, फुगलेला, की नीट, त्याच्यासारखा सुबक, आणि पोर तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती की पोरीच्या हातात पेन्सिल देऊन वर लेकीचा हात होता, हे सगळं वळून एकदा पाहिलं असतं तर कळलं असतं. दारापर्यंत तीन पावलं होती. पेन्सिल चालत राहिली, मग थांबली, मग खोडरबर घासल्याचा आवाज आला, बराच वेळ. तो भिंतीवरच्या पाइपाकडे बघत राहिला.